चिंचेच्या पाण्यातला मॅलाकाइट

आमच्या घरात हिरव्या रंगाशी जुनं वैर आहे. चुड्यातला हिरवा चालतो, पालेभाजीतला चालतो, पण तांब्या-पितळेवर चढलेला हिरवा म्हणजे घरातल्या बाईची नाचक्की. त्याला आई कळंक म्हणते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक राहिलं की ते कळकतं, हिरवट होतं, मळमळायला लावतं, हे मला शाळेत रसायनशास्त्र शिकण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. त्यावर उपाय एकच. चिंच, मीठ आणि मनगटातला जोर.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचा सगळा दोष आईच्या माथी मारला तर ते मला सहन होणार नाही. तिने एक दगड खराब केला, हे खरं. पण त्या दगडामुळे मला माझी आई परत मिळाली, आणि त्याबद्दल कुणाचे आभार मानायचे हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बाबा गेल्यावर आई कराडला एकटीच राहत होती. "एकटीसाठी कुठे कुकर लावायचा" म्हणत ताकभातावर दिवस काढायची. फोनवर "मी मजेत" म्हणायची, आणि तिचा ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेला मला व्हिडिओ कॉलवर दिसायचा. मग मी रजा टाकून गेले, तीन दिवस भांडले आणि तिला इकडे, बंगाली मुलखात, घेऊन आले. आम्ही बालीगंजला भाड्याने राहतो. नवरा आयटीत, त्याच्या कामाला घड्याळ नाही. मी बँकेत, एस्प्लनेडच्या शाखेत. आम्ही दोघं बाहेर पडलो की आई दिवसभर भिंतींशी बोलायला मोकळी. पण ती भिंतींशीही बोलत नव्हती. संध्याकाळी घरी यावं तर अंधारातच बसलेली, दिवाही लावलेला नाही. कुठे जाऊ या म्हटलं की "तुम्ही जाऊन या". मी मुळातच चिडकी. मी चिडायचे, ती गप्प बसायची, आणि रात्री मी नवऱ्यापाशी रडायचे. तिला परत कराडला धाडलं तर ती हळूहळू विझून जाईल, आणि इथे ठेवली तरी विझतेच आहे, असं मला दिसत होतं.

तिला पहिल्यांदा दार उघडायला लावलं ते खालच्या मजल्यावरच्या काकीमांनी. त्या आमच्या घरमालकीण. आम्ही सगळेच त्यांना काकीमा म्हणतो. सत्तरीच्या, एकट्या, तोंडाने फटकळ, डावा गुडघा दुखरा. दुपारी चारला त्या जिन्याखाली उभ्या राहून वर ओरडायच्या, "दीदी! चाऽ!" आई त्यांना दीदी म्हणायची, त्या आईला दीदी म्हणायच्या. दोघींनाही स्वतःला धाकटं ठरवायचं होतं, आणि आजपर्यंत कुणीही जन्मसाल सांगितलेलं नाही. आई मासे खात नाही म्हणून तिच्यासाठी वेगळी किटली आणि वेगळा कप फडताळात ठेवला गेला. हिंदी दोघींचीही दिव्य. एक बंगालीतून हिंदी बोलायची, दुसरी मराठीतून, आणि मधल्या मोकळ्या जागेत हातवारे. पण आई हसायला लागली होती. एकदा मी घरी आले तर ती काकीमांची नक्कल करून दाखवत होती, गुडघा धरून, अगदी तश्शी. मी पर्स खाली न ठेवताच बघत राहिले.

काकीमांच्या गळ्यात एक लोलक असायचा. अंगठ्याएवढा लांबट हिरवा दगड, चांदीच्या कोंदणात. हिरवा म्हणजे एकच हिरवा नाही. गडद, मग फिका, मग जवळजवळ काळपट, असे एकाआड एक पट्टे, लाकडाच्या गाभ्यात असतात तसे. आणि एका कडेला त्या पट्ट्यांचं गोल वर्तुळ झालेलं. त्याला काकीमा "आँख" म्हणायच्या. बोलताना त्यांचा अंगठा सतत त्या डोळ्यावर फिरत असे.

त्यांचे यजमान भूगर्भशास्त्रज्ञ होते. नोकरीची उमेदीची वर्षं त्यांनी इथून रेल्वेने काही तासांवरच्या झारखंडातल्या टेकड्यांमध्ये काढली, जिथे तांब्याच्या खाणी आहेत. तिथेच हा दगड त्यांना सापडला. मॅलाकाइट. काकीमा सांगायच्या की जमिनीत तांबं असलं की वरच्या थरात पाऊस आणि हवा त्याच्यापर्यंत पोचते, आणि ते हिरवं होऊन बसतं. जुने लोक हा हिरवा शोधत जायचे आणि त्याच्याखाली तांबं सापडायचं. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो पापुद्र्यासारखा किंवा भुकटीसारखाच मिळतो. पॉलिश करण्याजोगा घट्ट, जाड तुकडा मिळणं नशिबाची गोष्ट. तसले मोठे तुकडे आफ्रिकेतून येतात, काँगो आणि झांबियामधून. पूर्वी रशियातूनही यायचे आणि राजेलोक त्यांचे पातळ काप काढून टेबलं आणि खांब मढवायचे. चित्रकार तो कुटून हिरवा रंग करायचे. फार जुन्या काळी इजिप्तमधल्या बायका तो डोळ्यांत घालायच्या. नाव म्हणे एका रानझाडाच्या पानावरून पडलं, आपल्या भेंडी-अंबाडीच्या कुळातल्या. यातलं आईने फक्त भेंडीचं लक्षात ठेवलं.

दिवाळीच्या तोंडावर काकीमांच्या डोळ्याचं, म्हणजे मोतीबिंदूचं, ऑपरेशन ठरलं. अंगावर दागिना नको असं इस्पितळाने सांगितलं होतं. भाचा गाडी घेऊन आला होता, ऑपरेशननंतर काही दिवस त्या त्याच्याकडेच राहणार होत्या. निघताना काकीमा पायऱ्या चढून वर आल्या, दुखऱ्या गुडघ्यासकट. लोलक काढला आणि आईच्या हातात दिला.

"दीदी, ये रखिए. हमारा जान है."

"आप फिकर मत करो," आई म्हणाली, "मैं संभालती."

भाचा खाली उभा होता. लोलक त्याच्याकडे देता आला असता. तो आपल्याकडे दिला, याचा आईला इतका अभिमान वाटला की तिने तो आमच्या देवघरात, अन्नपूर्णेच्या मागे ठेवला.

आणि रविवारी देवघरातली भांडी घासायला काढली.

मी पेपर वाचत होते. स्वयंपाकघरातून आईचा आनंदी आवाज आला, "अगं, इकडे येऊन बघ तरी किती कळंक निघतोय!" मी "हं" म्हटलं. ती रोज मला काहीतरी बघायला बोलावते असं हल्लीच सुरू झालं होतं, आणि मला ते ऐकायलाच इतकं बरं वाटत होतं की बघायला जायचं राहून जायचं. थोड्या वेळाने आवाज बदलला. "याचा हिरवा काही संपेना बाई. आणखी घासू का?"

मी उठले. ओट्यावर ताम्हन, तांब्या, निरांजन, सगळं सोन्यासारखं झळकत होतं. गॅसवरच्या पातेल्यात चिंचेचं पाणी कोमट झालेलं, आणि त्याच्यावर हिरवट फेस. आईच्या एका हातात काथ्या, दुसऱ्यात लोलक. काळवंडलेली चांदी उजळायला तिने तोही चिंचेत घातला होता, आणि दगडाचा हिरवा सुटायला लागल्यावर तो कळंकच समजून घासत बसली होती. चांदी लख्ख झाली होती. दगड मात्र पुसलेल्या खडूसारखा दिसत होता, फिका, खरबरीत. पट्टे अंधुक झालेले. डोळा होता तिथे नुसता एक डाग.

मी फोनवर शोधलं आणि मोठ्याने वाचलं, हे मी करायला नको होतं. मॅलाकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. मऊ दगड, साध्या सुरीने चरा पडतो. उष्णता सोसत नाही. आंबट पदार्थाने विरघळतो, बुडबुडे येतात. घामाने, अत्तराने सुद्धा चकाकी जाते. फक्त साध्या गार पाण्याने धुवावा.

"म्हणजे कळंकच की हा," आई म्हणाली.

"कळंकच. फक्त जमिनीत तयार झालेला, थरावर थर बसत."

आई ओट्याला पाठ लावून खालीच बसली. जन्मभर ज्याला शत्रू मानून घासलं, तेच कुणीतरी गळ्यात घालून जपत होतं, हे तिच्या डोक्यात कसं येणार? माझ्याही आलं नसतं. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कुठल्याच बाईच्या आलं नसतं. मी तसं म्हटलंही. तिने ऐकलं नाही. ती एवढंच म्हणत राहिली, "तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता गं."

माझा स्वभाव असा, की रडण्याआधी मी धावपळ करते. दुसऱ्या दिवशी बँकेतून लवकर निघून, आईला घेऊन मी बेहालाला एका कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे एक खोली, त्यात अंगठ्यांचे खडे घासणारी चाकं. तिथल्या माणसाने लोलक उजेडात फिरवला आणि सांगितलं की पॉलिश परत येईल, पण वरचा थर काढावा लागेल. खालचे पट्टे वेगळे असतात. नक्षी हीच राहील असं नाही. ठेवून जा, दोन दिवसांनी या.

मला हायसं वाटलं. काकीमांची नजर तशीही अजून कच्ची असणार, असा एक पापी विचारही आला. पण आईने हात पुढे करून लोलक परत घेतला.

"तिला विचारल्याशिवाय मी आता याला कुणाचा हात लागू देणार नाही."

"आई, त्यांना कळणारही नाही."

"तिच्या अंगठ्याला कळेल," आई म्हणाली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली. तिला रस्ता माहीत नव्हता, तरी पुढे तीच.

काकीमा परत आल्या त्या दिवशी आईने हिंदीतलं एक वाक्य सकाळपासून पाठ केलं होतं. खाली गेल्यावर ते तिला आठवलंच नाही. काळा चष्मा लावून काकीमा आरामखुर्चीत बसल्या होत्या. आईने लोलक त्यांच्या हातात दिला आणि सरळ मराठीत बोलायला लागली. घासलं म्हणाली, चिंचेत घातलं म्हणाली, आणि मग, "आपलं समजून घासलं हो. दुसऱ्याच्या घरचं भांडं कुणी इतकं घासत नाही." मी शेजारी उभी राहून भाषांतर करत होते, आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता.

काकीमांनी अंगठा फिरवला. एकदा, परत एकदा. चष्मा काढून दगड चांगल्या डोळ्यापाशी नेला.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "अब आप लोग जाइए."

त्या दिवशी चारला हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई चारच्या सुमारास उगाचच जिन्याच्या दाराशी काहीतरी करत राहायची. पायपुसणं झटकायची, कडी पुसायची. पुढच्या आठवड्यात तिने दाराशी जाणं सोडलं. मग दिवा लावणं सोडलं. मग एका सकाळी मी डबा भरत असताना म्हणाली, "माझं कराडचं तिकीट काढ."

मी भांडले. नवऱ्यानेही समजावून बघितलं. ती म्हणाली, "मी जिथे जाते तिथे माझं काहीतरी बिघडतं." मी काकीमांकडे जाऊन हात जोडावेत असंही मनात आलं, पण त्यांचा राग खरा होता आणि त्यांच्या हक्काचा होता. शेवटी मी पुण्यापर्यंतचं तिकीट काढलं. आईने बॅग भरून पलंगाखाली ठेवली. मला इतकं हरल्यासारखं क्वचितच वाटलं असेल.

निघायला दहा-बारा दिवस असताना एका शनिवारी दार वाजलं. काकीमा. धापा टाकत, एका हातात कठडा, दुसऱ्यात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आत येऊन त्या आमच्या डायनिंग टेबलाशी बसल्या आणि डबा उघडला. त्यात पाण्यात घासायचे पॉलिशचे कागद होते, खरबरीत ते अगदी मऊ, चामड्याचा एक तुकडा, पुडीत पांढरी पूड, लाखेचा खडा आणि लाकडी काड्या. सगळं त्यांच्या यजमानांचं. कोंदणातून मोकळा केलेला दगडही त्यातच होता, गडियाहाटच्या सोनाराकडून त्या स्वतः काढून घेऊन आल्या होत्या.

"हमारा आँख अभी ठीक नहीं. डॉक्टर झुकने को मना किया," त्या आईला म्हणाल्या. "हाथ आपका है. आप ही घिसा, आप ही चमकाएगा."

आईने डब्यात डोकावून बघितलं. मग तिने विचारलं, "आप गुस्सा नहीं?"

"गुस्सा है. बहुत है. चाय पीते-पीते कम होगा."

मी चहा टाकायला पळाले. चहा टाकता टाकताच ऐकलं ते हे, काकीमा सांगत होत्या, सावकाश, जणू स्वतःलाच. त्यांचे यजमान गेल्यापासून त्यांच्या वस्तूंना कुणी हात लावत नाही. भाचा येतो, लांबूनच बघतो. कामवाली त्यांचं टेबल सोडून आजूबाजूचं पुसते. त्या स्वतःही दगडावर पाणीसुद्धा घालत नव्हत्या. "सब लोग दूर से देखता है, जैसे म्यूज़ियम है," त्या म्हणाल्या. "आपने तो कढ़ाई जैसा घिस दिया।" आणि त्या हसल्या. हसता हसता त्यांनी काळ्या चष्म्याखालून डोळे पुसले आणि मग डोळ्याला हात लावायचा नाही हे आठवून स्वतःवरच खेकसल्या.

पुढचे दिवस आमचं टेबल टेबल राहिलं नाही. लाख जरा मऊ करून दगड काडीला चिकटवला गेला, कुल्फीसारखा. थाळीत पाणी. कागदही ओला, दगडही ओला. "सूखा कभी नहीं," काकीमा बजावायच्या. "धूल में ताँबा है, छाती में जाएगा." तरीही दोघींनी तोंडाला मास्क लावले होते, आणि मास्कमधून दोघींची हिंदी आणखीच अगम्य झाली होती. आई गोल गोल घासायची. काकीमा मधूनच दगड घेऊन अंगठा फिरवायच्या आणि परत द्यायच्या. "और." भांडी घासून घासून आईचं मनगट तयार झालेलं, पण इथे जोर नको होता, आणि जोर न लावता घासणं तिला शिकावं लागलं. "हळू, दीदी, हळू" हे मराठी काकीमा तेव्हाच शिकल्या. मी ऑफिसातून आले की दिवे लागलेले असत आणि जिन्यातच दोघींचे आवाज ऐकू येत. त्या दिवसांत मी देवापुढे बसून काही मागितलं नाही. नुसती हात जोडून उठायचे.

शेवटी चामड्यावर पूड लावून पॉलिश झालं तो दिवस रविवारचा होता. आईने दगड धुतला, पंच्याने टिपला आणि काकीमांच्या तळहातावर ठेवला. काकीमा उठून गॅलरीत गेल्या, उन्हात. आम्ही मागोमाग.

रंग परत आला होता, आधीपेक्षाही खोल. पण डोळा नव्हता. बेहालाचा माणूस म्हणाला होता ते खरं झालं. डोळा होता तिथून आता पट्टे वळण घेत वर गेले होते, नदीच्या पाण्यावर वारा आला की दिसतात तसे, आणि दुसऱ्या टोकाला एक अगदी नवीन, गडद वळसा उघडा पडला होता. सुंदर होता. पण तो दगड तो नव्हता. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखलं.

काकीमांनी त्या नव्या वळशावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "ये उन्होंने नहीं देखा था."

मला वाटलं, संपलं.

"इतना बरस वो पत्थर देखा," त्या म्हणाल्या, "ये अंदर था, उनको मालूम नहीं था. ये पहला बार हम देखता है. हम और आप."

आईचा हात सुटला. ती माझ्याकडे वळून मराठीत बोलायला लागली, घाईघाईने, जणू गाडी सुटेल. "तिला सांग, हे गेल्यापासून मी जे बघते ते ह्यांनी बघितलेलं नसतं. हे घर, हा रस्ता, तुझी बँक. बघितलं की वाटतं, आपण एकटीच पुढे चाललोय त्यांना मागे टाकून. म्हणून मी बघायचंच सोडलं होतं. तिला सांग ना."

मला ते हिंदीत सांगता येईना. मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले, गॅलरीत, शेजाऱ्यांसमोर. काकीमांनी माझी वाट बघितली नाही. त्यांनी दगड आईच्या हातात दिला.

"अच्छा करके देखो, दीदी."

आईने गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि दगड उन्हात धरला. बघितला. उलटा केला, परत बघितला. मग चष्मा तसाच ठेवून खालचा रस्ता बघितला, समोरच्या घराची हिरवी दारं, रिक्षावाला, शहाळ्यांचा ढीग. इथे येऊन इतके महिने झाले होते, आणि ती पहिल्यांदाच कठड्याला टेकून उभी होती.

मी आत जाऊन तिकीट रद्द केलं. तिला विचारलं नाही. बाहेर ती काकीमांना विचारत होती, समोर राहतं कोण.